अमेरिकेचं राजकारण, राहणार उधना

आमच्या घरात देवांच्या फळीखाली आणखी एक फळी होती आणि तिच्यावर बिस्किटांचा पत्र्याचा एक चौकोनी डबा असायचा. त्यातली बिस्किटं कोणी खाल्ली ते मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून त्यात कागदच होते. रेशनकार्ड, माझे शाळेचे दाखले, आप्पांचं गावचं मतदार कार्ड, मायच्या माहेरच्या नावाचा एक दाखला, सासरच्या नावाचा दुसरा, आणि या दोन बायका मुळात एकच आहेत असं शपथेवर सांगणारा तिसरा. महिन्यातून एकदा आप्पा, म्हणजे माझे वडील, तो डबा खाली काढायचे, कागद एकेक करून खाटेवर उन्हाला मांडायचे, कडुनिंबाचा जुना पाला फेकून नवा घालायचे आणि प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स आहेत ना ते मोजून पाहायचे. माय चुलीपाशी भाकरी थापत असायची. ती मान न वळवता म्हणायची, "कागदस्ना इतला लाड, आनि मना?" आप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे, आणि ते खरंही असायचं, कारण आमच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता.

त्या आवाजाबद्दल काय सांगू. सुरतेच्या उधना भागातल्या त्या दीड खोलीत मी जन्मले, वाढले, अभ्यास केला, आणि भिंतीपलीकडचे माग सतत खटाखटा चालू. आम्ही सगळे मोठ्यांदा बोलायचो. कॉलेजात गेल्यावर एका मैत्रिणीने विचारलं की तू कायम भांडत का असतेस, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जगात लोक हळू बोलतात. आज मी आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते, मुलांना राज्यशास्त्र शिकवते, आणि अजूनही वर्गात मागच्या बाकावरचा पोरगा दचकून जागा होतो. आप्पा त्याच कारखान्यात लूम-मास्तर होते. माग बिघडला की आप्पांना हाक. वस्तीत लग्न निघालं की माईक आप्पांच्या हातात. कोण कोण पाहुणे आले, त्यांची नावं गावासकट, मानासकट, एकही न गाळता ते घडाघडा वाचायचे. ज्याचं नाव सुटलं तो न जेवता उठून जाणार हे आमच्या लोकांचं ठरलेलं, त्यामुळे आप्पांच्या हातून नाव सुटत नसे.

आणि या माणसाचं स्वतःचं नाव सुरतेच्या मतदार यादीत नव्हतं. ते अठराव्या वर्षी धुळ्याकडून सुरतेला आले, चोवीस वर्षं इथलं पाणी प्यायले, पण मत गावाला. निवडणूक आली की गावाकडून गाडी यायची. आमच्या गल्लीतली सगळी माणसं त्या गाडीत बसून गावी जायची, शाळेच्या पटांगणात पुरीभाजी खायची, मत द्यायची आणि रात्रीपर्यंत परत. मला त्या सहलीची फार मजा वाटायची. आप्पांनाही वाटायची. पण एका वर्षी आमच्या दारापुढची गटार तुंबली. तुंबली म्हणजे किती, तर घरात येण्यासाठी फळी टाकावी लागली. आप्पा चार माणसं घेऊन वॉर्डातल्या पुढाऱ्याकडे गेले, सोबत मीही होते, नववी-दहावीत असेन. त्या गृहस्थाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हारा वोट किधर है?" आप्पांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "गाँव में." तो म्हणाला, "तो गटर भी गाँव में जाके खुलवाओ." त्याच्या कार्यालयातली सगळी माणसं हसली. आप्पाही हसले, कारण दुसरं काय करणार. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की आजही त्याचा चेहरा जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

तेव्हापासून आप्पांनी ध्यास घेतला की नाव सुरतेत लावायचं. तीन वेळा अर्ज केला. पहिल्यांदा लाईट बिल मागितलं, ते शेठच्या, म्हणजे घरमालकाच्या नावावर. दुसऱ्यांदा भाडेकरार मागितला, तर शेठ म्हणाले, लिहून देतो आणि उद्या तूच मालक हो. तिसऱ्यांदा अर्जच हरवला, कोणाकडून ते कळलं नाही. सुरतेचा पत्ता असलेला, गोल शिक्का मारलेला एक कागद हवा होता, आणि चोवीस वर्षं इथे राहून आप्पांकडे तो एक सोडून बाकी सगळे कागद होते. दरवेळी ते डबा उघडून बसत आणि मला म्हणत, "वैशे, काहीतरी सुटस." मी तेव्हा राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, विद्यापीठात जाणारी आमच्या घरातली पहिली, पण मला काय सुटतंय ते सांगता यायचं नाही. पुस्तकात तसं काही नव्हतं.

आता विद्यापीठाचं सांगते. आमच्या विभागात देसाई सर म्हणून एक अत्यंत सज्जन गृहस्थ होते. त्यांनी एक व्याख्यानमाला काढली, 'नागरिकत्व आणि अमेरिकेचं राजकारण'. चार व्याख्यानं, दोनशे खुर्च्यांचं सभागृह, मोठं बॅनर. माझ्याकडे दोन कामं होती. दारात रजिस्टर घेऊन बसायचं आणि सह्या घ्यायच्या, आणि वक्त्यापुढे पाण्याची बाटली ठेवायची. पहिल्या व्याख्यानाला अकरा माणसं आली. त्यात एक माईकवाला, एक शिपाई, आणि दोघं बाहेर ऊन आहे म्हणून एसीत येऊन बसलेली. दुसऱ्याला नऊ. तिसऱ्याला माईकवाल्याने स्वतःऐवजी भाच्याला पाठवलं. वक्ते बिचारे बोलत होते, अमेरिकेत जन्मलेलं मूल आपोआप नागरिक कसं होतं आणि त्यावरून तिथे किती भांडणं आहेत, आणि मी दारात बसून तोच विषय ऐकत होते आणि मनात म्हणत होते की जन्मून झालं हो, पुढचं काय ते सांगा. वर्गात मी घरचं कधी काढत नसे. वडील काय करतात असं कोणी विचारलं की मी सांगायची, टेक्स्टाईलमध्ये आहेत. सुरतेत हे उत्तर फार सोयीचं आहे. मिलचा मालकही टेक्स्टाईलमध्ये असतो आणि मागाला तेल घालणाराही.

चौथ्या व्याख्यानाला मात्र खरोखर अमेरिकेतून एक प्राध्यापक बाई येणार होत्या, डॉ. मार्था. त्या दिल्लीला कुठल्याशा कामाला आल्या होत्या आणि देसाई सरांनी पत्रावर पत्रं पाठवून त्यांना सुरतेला वळवलं होतं. त्या येणार तेव्हा परीक्षा संपलेल्या, मुलं घरोघरी पांगलेली. दोन दिवस आधी सरांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "वैशाली, गमे तेम करीने हॉल भर. माणसो लाव." काहीही करून माणसं आणायची होती. मी मान डोलावली आणि घरी आले. जेवताना, ठेचा आणि कळण्याच्या भाकरीबरोबर, हे दुःख मी सहज आप्पांना सांगितलं. सहजच, खरंच सांगते. आप्पांनी घास खाली ठेवला. "कितला माणसे लागतीन?" मी म्हटलं, आप्पा, ते लग्न नाही, व्याख्यान आहे, इंग्रजीत आहे. ते म्हणाले, "कितला ते सांग." मी सांगितलं, जेवढी येतील तेवढी. त्यांनी विचारलं, विषय काय. मी सांगितलं, नागरिकत्व. आप्पांनी मान हलवली, हात धुतला, पायात चपला सरकवल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीत घरोघरी जाऊन रीतसर आवतण दिलं, हळद लावलेल्या अक्षता हातावर ठेवून. आपल्या पोरीचं काम आहे, विद्यापीठात मोठं सभागृह आहे, बॅनर लागलंय, बाहेरून बाई येणार आहेत, विषय नागरिकत्वाचा. आता आमच्या वस्तीत टेबल, बॅनर आणि बाहेरून आलेला माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्याचा एकच अर्थ असतो: कॅम्प. रेशनचा कॅम्प, डोळ्यांचा कॅम्प, कार्डांचा कॅम्प. आणि कॅम्पला रिकाम्या हाताने जायचं नसतं हे तान्ह्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे ही मोठी रांग होती. मी रांगेपुढून दोनदा गेले. मला वाटलं, शाळांचे प्रवेश सुरू झाले असतील. राज्यशास्त्रात मला तेव्हा प्रथम श्रेणी होती.

व्याख्यानाच्या दिवशी आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी होती. कोरं कापड वाहणारे दोन टेम्पो विद्यापीठाच्या फाटकाशी उभे राहिले आणि त्यातून उधना उतरलं. बायका लग्नाच्या साड्यांत, पुरुष इस्त्रीच्या शर्टात, आणि प्रत्येकाच्या काखेत प्लॅस्टिकची फाईल. माय हिरव्या साडीत, तिच्याशेजारी आमच्या शेजारच्या हिरकणबाई, ज्यांच्या फाईलला चेन आणि छोटं कुलूप होतं. मी दारात रजिस्टर घेऊन बसलेली. हिरकणबाईंनी सही करायच्या ऐवजी अंगठा पुढे केला आणि विचारलं, "नंबर कितवा शे मना?" तेव्हा मला झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग आठवली. मी म्हटलं, काकू, नंबर नाही, आत बसून ऐकायचं आहे फक्त. त्या माझ्याकडे दयेने पाहून म्हणाल्या, "आधी भाषन, मंग काम. माहीत शे माले." आणि आत गेल्या. खरं सांगायचं तर तेव्हाच मी उभं राहून मोठ्याने सांगायला हवं होतं की बाबांनो, हा कॅम्प नाही. पण माझ्यामागे देसाई सर उभे होते. भरत चाललेल्या खुर्च्या पाहून त्यांचे डोळे पाणावले होते. "वैशाली," ते म्हणाले, "आ तो चमत्कार छे." मी रजिस्टरचं पुढचं पान उलटलं.

मार्थाबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, सुती कुर्ता घातलेल्या. त्यांचं स्वागत सर गुलाबाच्या फुलाने करणार होते. पण आप्पा टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन आले होते, आणि पाहुण्याला टोपी-टॉवेल दिल्याशिवाय कार्यक्रम सुरू होणं त्यांच्या हिशेबात बसणारं नव्हतं. त्यांनी थेट मंचावर जाऊन बाईंच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि नमस्कार करून खाली उतरले. बाईंना वाटलं असणार की हा विद्यापीठाचा पोशाख आहे. त्यांनी अखेरपर्यंत टोपी काढली नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेवरचं ते संपूर्ण भाषण त्यांनी टोपी घालून केलं आणि नारळ पुढ्यात, माझ्या पाण्याच्या बाटलीशेजारी.

पहिली दहा मिनिटं कोणाला काही कळलं नाही. बाई इंग्रजीत बोलायच्या, सर शुद्ध गुजरातीत सांगायचे, आणि समोर दीडशे माणसं फाईल मांडीवर धरून अत्यंत सोशिकपणे बसलेली. कॅम्पला वाट पाहायची सवय असते. मग आप्पा उभे राहिले आणि लग्नातल्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "वैशे, तू सांग. आपली बोलीमा सांग." सर माझ्याकडे पाहू लागले. पहिल्या रांगेत माझ्या वर्गातल्या दोन मुली बसल्या होत्या, त्याही पाहू लागल्या. विद्यापीठात अहिराणीचा एक शब्दही मी कधी उच्चारला नव्हता. वडील टेक्स्टाईलमध्ये आहेत या वाक्यामागे मी तीन वर्षं आरामात लपले होते, आणि ते टेक्स्टाईल आता तिसऱ्या रांगेत उभं राहून मला हाक मारत होतं. मला लाज वाटली. हे लिहिताना त्या लाजेची लाज वाटते, पण वाटली ते खरं आहे. मी मंचावर गेले.

बाई सांगत होत्या की तिथे लोक राष्ट्राध्यक्ष थेट निवडत नाहीत. मी सांगितलं, तठे आधी गावगावना पंच निवडतस, आनि ते पंच मोठ्याले निवडतस. मागून कोणीतरी विचारलं, मग ज्याला जास्त मतं पडली तोही पडू शकतो का? मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, हो, असं झालेलं आहे. सभागृहात एकदम समाधानाचा हुंकार उठला. "आमनी सोसायटीनी निवडणूकसारखं," तोच माणूस म्हणाला, आणि आपल्या गावच्या सोसायटीत असंच कोण कसं पडलं होतं ते शेजाऱ्याला सांगू लागला. त्यानंतर अमेरिकेविषयी कोणालाच परकेपणा उरला नाही. बाईंनी पुढे सांगितलं की तिथे यादीत नाव आपोआप येत नाही, स्वतः जाऊन लावावं लागतं, घर बदललं की पुन्हा लावावं लागतं, आणि काही ठिकाणी पुरावेही मागतात. हे मी सांगितलं तेव्हा हिरकणबाई उभ्याच राहिल्या. "मंग त्यास्ले बी झेरॉक्स लागस का?" मी प्रश्न पुढे पोचवला. मार्थाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, बऱ्याचदा, हो. हिरकणबाई खाली बसल्या आणि शेजारणीला हळहळून म्हणाल्या, "बिचारा."

बाईंना हे सगळं फार आवडत होतं. त्यांनी भाषण बाजूला ठेवलं आणि विचारलं, तुमच्यापैकी सुरतेत मत कोण कोण देतं? एकही हात वर झाला नाही. त्यांना वाटलं, माझं भाषांतर चुकलं. त्यांनी परत विचारलं. परत नाही. मग आप्पा उभे राहिले. त्यांनी गावच्या गाडीचं सांगितलं, पुरीभाजीचं सांगितलं, तीन अर्जांचं सांगितलं, आणि तो पुढारी काय म्हणाला होता तेही सांगितलं. पाच वर्षं ही गोष्ट त्यांनी घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती. मी ती इंग्रजीत सांगितली. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, मग तुमच्या मते नागरिक म्हणजे कोण? आप्पांना विचार करावा लागला नाही. "जठे मनी गटार, तठे मनं मत," ते म्हणाले. "बस, इतलंच." मी ते इंग्रजीत कसं सांगितलं मला आठवत नाही. पण बाई लिहायच्या थांबल्या आणि त्यांनी टोपी नीट केली.

मग देसाई सरांनी आभार मानले, आणि आभार मानले म्हणजे भाषण संपलं, आणि भाषण संपलं म्हणजे काम सुरू. दीडशे माणसं उठली आणि कोणी न सांगता रांगेत लागली. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. हिरकणबाईंनी कुलूप उघडलं आणि रेशनकार्डाची झेरॉक्स मार्थाबाईंपुढे ठेवली. बाईंना वाटलं, सही हवी आहे. आपल्या भाषणावर इतकी माणसं खूश झालेली पाहून त्या भारावल्या होत्या. त्यांनी पेन काढलं आणि रेशनकार्डावर झोकदार सही केली, खाली 'प्रेमपूर्वक' असंही लिहिलं. हिरकणबाईंनी सही न्याहाळली आणि विचारलं, "शिक्का?" देसाई सरांना तेव्हा उलगडा झाला. ते पांढरेफटक पडले. मी त्यांना गुजरातीत भराभर सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभी राहिले. वाटलं, आता संपलं सगळं. पण सज्जन माणूस कधी काय करील सांगता येत नाही. त्यांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा टोपीतल्या बाईंकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, कपाटातली सर्टिफिकेटं आण, आणि विभागाचा शिक्का पण.

विद्यार्थ्यांसाठी छापलेली ती सर्टिफिकेटं तीन व्याख्यानांनंतरही गठ्ठ्याने पडून होती. जाड कागद, सोनेरी किनार, वर विद्यापीठाचं नाव, आणि मजकूर असा की अमुक यांनी 'नागरिकत्व आणि अमेरिकेचं राजकारण' या व्याख्यानमालेत सक्रिय सहभाग घेतला. मी नावं लिहायची, बाईंनी सही करायची, शिपायाने शिक्का मारायचा. पहिलंच सर्टिफिकेट हिरकणबाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं. "पत्ता कोठे शे? पत्ता नही ते कागद कसाना?" मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहू लागले. मग मी नावाखाली लिहिलं, राहणार उधना, सुरत. तिथून पुढे प्रत्येकाच्या नावाखाली लिहिलं. आप्पांचा नंबर आला तेव्हा मी लोटन शंकर पाटील असं जरा मोठ्या अक्षरात लिहिलं. ते टेबलावर वाकले आणि हळूच म्हणाले, "मूळ गाव बी लिख ना." मागे अजून शंभर माणसं होती, माझी बोटं दुखत होती आणि वर्गातल्या मुली बघत होत्या. मी फणकाऱ्याने म्हटलं, आप्पा, जागा नाही. ते म्हणाले, "बरं," आणि सर्टिफिकेट शिक्क्यासाठी पुढे नेलं. तो हॉल कॅम्प नव्हता हे आमच्या वस्तीत आजतागायत कोणाला कळलेलं नाही. कॅम्पला गेलं की कागद मिळतो. त्यांना मिळाला.

आठवड्याभरात सगळ्या गल्लीने सर्टिफिकेटं लॅमिनेट करून घेतली. बऱ्याच घरांत ती देवांशेजारी लागली, आमच्याकडेही. मग शाळेत मतदार नोंदणीचा रविवार आला. वर्गातल्या बाकावर एक शिक्षिका बेन फॉर्म घेऊन बसल्या होत्या. आप्पांनी चौथा अर्ज पुढे केला आणि त्यावर ते सोनेरी सर्टिफिकेट ठेवलं. मी शेजारी उभी राहून जमिनीकडे पाहत होते. बेननी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "आ शुं छे, भाई? अमेरिका गया हता?" आप्पा म्हणाले, "नहीं बेन, उधना में ही." बेन हसायला लागल्या. त्या पुढाऱ्यासारखं नाही, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्यांना हसताना पाहून आप्पांनाही हसू आलं. हे चालणार नाही, त्या म्हणाल्या, पण घर लांब नसेल तर मी येऊन बघते. संध्याकाळी त्या खरोखर आल्या. गटारीवरची तीच जुनी फळी डुगडुगत होती. साडी सावरत, आप्पांचा हात धरून त्या पलीकडे आल्या, मायच्या हातचा चहा प्यायल्या, पुढे चार घरांत गेल्या आणि चारही घरांत देवांशेजारी अमेरिकेचं राजकारण पाहिलं. जाताना फळीवर उभ्या राहूनच त्यांनी वहीत लिहिलं की हा माणूस इथे राहतो. सुरतेत राहत असल्याचा आप्पांचा पुरावा शेवटी ती गटारच ठरली, आणि मी अजून मुलांना नागरिकत्व शिकवताना ही गोष्ट सांगते, परीक्षेत लिहू नका अशी ताकीद देऊन.

पुढच्या निवडणुकीत आप्पांचं नाव यादीत आलं. तो वॉर्डातला पुढारी हात जोडून फळीवरून आमच्या दारात आला, "आप्पा, कोई सेवा?" असं विचारून गेला. गटार तशीच राहिली, पण आप्पा सकाळी अंघोळ करून, लग्नाला जातात तसे तयार होऊन, शाळेत जाऊन मत देऊन आले. ज्यांची नावं अजून गावालाच होती त्यांच्यासाठी गावची गाडी त्याच दिवशी आली. आप्पा सवयीने गाडीपाशी गेले, गप्पा मारल्या. गाडीबरोबर आलेला माणूस हातातली यादी पाहत म्हणाला, "आप्पा, तुमनं नाव कटी गयं." आप्पांना ते माहीत होतं, एका माणसाचं नाव दोन ठिकाणी राहत नाही हे मीच समजावलं होतं. तरी त्यांनी यादी मागून घेतली आणि जिथे आपलं नाव होतं तिथे पाहिलं. गाडी गेली. हिरकणबाईंनी खिडकीतून हात केला.

मायने त्या दिवशी पुरीभाजी केली होती. मतदानाला पुरीभाजी असतेच, ती म्हणाली. आप्पांनी ताट तसंच ठेवलं. म्हणाले, "वैशे, आज गाव सुटनं." मला हसू आलं, म्हटलं, आप्पा, गाव सुटून चोवीस वर्षं झाली. उठून त्यांनी देवांशेजारचं सर्टिफिकेट काढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि नावाखालच्या जागेवर बोट ठेवलं. जागा होती. दोन बोटं जागा होती, तेव्हाही होती. "आते लिख," ते म्हणाले. मी पेन आणलं आणि गावाचं नाव लिहायला लागले, पण वर प्लॅस्टिक होतं, शाई धरेना. मी जोर देऊन लिहिलं, परत गिरवलं, कसंबसं उमटलं. आप्पांनी वाकून वाचलं, आणि पक्कं बसलंय का ते पाहायला त्यावरून बोट फिरवलं, तेच सकाळचं न पुसणारी शाई लावलेलं बोट. गावाचं नाव पुसून गेलं.